ब्रेकच्या डबीत लूमचं तेल

मी एकदा आमच्या पिकअपच्या ब्रेकच्या डबीत लूमचं तेल ओतलं. अंधार होता, बाटल्यांची अदलाबदल झाली, असलं काही नाही. सकाळी नऊच्या उन्हात, दोन्ही तेलं बोटांवर चोळून, वास घेऊन, पूर्ण विचार करून ओतलं. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. पदर खोचून बोनेटमध्ये डोकं घातलेली ती बाई आठवली की अजून वाटतं, मागून जाऊन तिच्या पाठीत एक धपाटा घालावा.

नव्वदीची मधली वर्षं होती. आम्ही खानदेशातून सुरतेला आलेलो, राहायला नवागामला. आमचे हे जुन्या डिझेल पिकअपमधून कापडाचे तागे वाहायचे. कापड विणायच्या लूमच्या शेडांतून उचलायचे, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये टाकायचे, तिथून रंगवलेला माल कुठे सांगतील तिथे. तागे उचलून उचलून यांची कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, पण वाकायचं नाही. आणि ती गाडी अशी, की रोज सकाळी कुणीतरी तिच्यापुढे वाकल्याशिवाय दाराबाहेर निघायची नाही.

मग मी वाकायला लागले. ऑइलची पट्टी ओढायची, पुसायची, परत घालून बघायची. रेडिएटरला पाणी, बॅटरीला पाणी, ब्रेकच्या डबीवर नजर. ऑइल बदलायचं असलं की खाली गोणपाट अंथरून मी आडवी. पहिल्यांदा पुसायला साडीच्या चिंध्या घेतल्या, सुरतेत चिंध्यांना काय तोटा. पण ते नायलॉनचं कापड तेल पीतच नाही, नुसतं इकडचं तिकडे करतं. मग यांचं सुती बनियन फाडलं. काढलेलं काळं ऑइल गल्लीतल्या बायका मागून न्यायच्या, खाटेच्या पायांना लावलं की ढेकूण चढत नाहीत म्हणून. त्या दारात डबे घेऊन उभ्या राहिल्या की मला वाटायचं, मी कुणीतरी मोठी मिस्त्रीण आहे.

सासूबाईंना हे अजिबात पटत नव्हतं. "बाईना हात पीठमा शोभस," असं गाडीकडे बघून म्हणायच्या, म्हणजे मला ऐकू जाईल असं. हे आईशी अहिराणीत बोलायचे आणि माझ्याशी शाळेतल्या मराठीत. मी सातवी पास होते, त्याचा तो मान. त्या मानानेच माझं डोकं फिरवलं असावं.

तर त्या दिवशी डबीतलं ब्रेक ऑइल खाली गेलेलं. पार्टवाल्याकडे लग्न, दुकान बंद. शेजारच्या लूमच्या शेडमधून मी कपभर तेल बाटलीत मागून आणलं. पांढरं, पाणीदार, कापडावर डाग न पडणारं. ब्रेक ऑइलचा थेंब बोनेटवर सांडला की रंग उडतो, हे मला ठाऊक होतं. हे तेल सांडून बघितलं, रंग जागच्या जागी. मी मनात म्हटलं, हे तर त्याहून चांगलं. आणि डबी काठोकाठ भरली.

दोन दिवसांनी हे म्हणाले, "ब्रेक दाबला की लवकर सुटतच नाही." चौथ्या दिवशी चाकं तापून वास यायला लागला. मिस्त्रीला दाखवून आले आणि जेवताना हसत सांगत होते, "मिस्त्री विचारतो, डबीत दुसरं काही टाकलं नाही ना? मी म्हटलं, ते काम आमच्या घरात बायको करते, तिच्या हातून असलं होत नाही. उद्या कामरेजची फेरी करून ये, म्हणाला, परवा चाकं खोलतो."

तिथेच सांगायला हवं होतं. पण समोर सासूबाई बसलेल्या, आणि पीठ-बिठाचं सगळं पुन्हा ऐकावं लागणार. मी म्हटलं, "मिस्त्रीला काय कळतंय."

सकाळी हे निघाले. कामरेजला त्यांची बहीण राहते म्हणून सासूबाईही केबिनमध्ये चढल्या. मी बाटली परत द्यायला शेडमध्ये गेले. लूम दुरुस्त करणारा मास्टर तिथे होता.

"वहिनी, तुमच्याकडे लूम कुठंय? तेल कशाला लागलं?"

मी सांगितलं. अगदी सहज सांगितल्यासारखं.

तो हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "ब्रेकमध्ये? अहो, आत रबरं असतात. या तेलात रबर टाकून बघा, वड्यासारखं फुगतं. आधी ब्रेक धरून ठेवतो, मग एकदम सोडून देतो. गाडी कुठंय?"

गाडी पांडेसऱ्याला माल भरत असणार होती. रिक्षा करून मिलच्या फाटकाशी गेले. वॉचमन म्हणाला, "ए तो निकळी गया, बेन. अर्धो कलाक थयो." अर्ध्या तासाने गाडी हुकली होती.

कामरेजला फोन कुणाला करणार? घरी येऊन उंबऱ्यावर बसले. गल्लीच्या तोंडाशी टेंपो वाजला की उठायची, दुसराच निघाला की बसायची. त्या दिवशी चूलसुद्धा पेटवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सासूबाईंचं बोलणं ऐकू यावं म्हणून कान लावून बसले होते, ही माझी गंमत.

चारच्या सुमारास दोघं एका दुधाच्या टेंपोतून उतरले. सासूबाईंचं कोपर सोललेलं, यांचा हात कंबरेवर. कामरेजच्या अलीकडे उतारावर पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. पुढे उसाची बैलगाडी. यांनी गिअर खाली खाली टाकत, हँडब्रेक ओढून गाडी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात घातली.

मी उभ्या उभ्या दोघांसमोर सगळं सांगितलं. कपभर तेल, पार्टवाल्याचं लग्न, बोनेटवरचा थेंब. सासूबाई काहीतरी बोलतील म्हणून वाट बघितली. त्या नुसत्या कोपरावर हळद दाबत बसल्या. हे पाणी प्याले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

दिवेलागणीला मी गरम पाण्याची पिशवी घेऊन कंबर शेकायला गेले. त्यांनी वळून बघितलं नाही. भिंतीकडेच बघत म्हणाले, "मिस्त्रीला काय कळतंय म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं होतं तू काहीतरी लपवतेयस. तरी आज आईला शेजारी बसवून मी गाडी काढली."