बनाबाईचा फोन

बेंबळीचे ज्ञानोबा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर गर्दीतून वाट काढली, पण आवाज कधी चढवला नाही. निवृत्तीनंतर मोठा मोबाईल हातात आला आणि माणूस सर्वज्ञ झाला. मोबाईलनं सांगितलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

त्याच सुमारास त्यांची बायको बनाबाई विसरायला लागली. भाजीत दोनदा मीठ, गॅसवर दूध उतू. ज्ञानोबांनी एक व्हिडिओ पाहिला: मोबाईलच्या लहरी मेंदू पोखरतात, माणूस विसराळू आणि चिडका होतो. झालं! बायकोचा बटणांचा छोटा फोन त्यांनी पेटीत कुलूपबंद केला. त्यावर पुण्याची लेक पौर्णिमा रोज संध्याकाळी आईशी बोलायची. बनाबाईचा सगळा जीव त्या बोलण्यात. आता लेक बापाच्या फोनवर विचारी, तर हे सांगत, "आई झोपलीय."

एवढ्यावर थांबतील तर ते ज्ञानोबा कसले! विहारात वंदना झाल्यावर उभे राहून म्हणाले, "मोबाईलपासनं जपा, न्हायतर आमच्या हिच्यावानी डोकं जाईल." पोरी फिदीफिदी हसल्या. बनाबाईनं पदर पुढं ओढला.

शेवटी धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "काका, यांचं बी-ट्वेल्व्ह फार कमी आहे. विसरणं त्यामुळं असेल, इंजेक्शनं घेऊ. तुम्ही म्हणता तसं मोबाईलच्या लहरींनी स्मरणशक्ती जाते, याला पक्का पुरावा नाही. बरं मावशी, चिडचिड होते?"

"माझी न्हाय बाई, ह्यांची व्हती," बनाबाई हळूच म्हणाली. "दिसभर मोबाईल बघत्यात, मधी बोललं की अंगावर येत्यात. आधी असे नव्हते. त्यांच्या रक्तात काय कमी हाय का, बघता का?"

ती चहाडी करत नव्हती, काळजीनं विचारत होती. तेच ज्ञानोबांना जास्त लागलं. लाजेनं त्यांना खुर्चीत बसवेना.

घरी येऊन त्यांनी पेटी उघडली, फोन चार्ज करून बायकोच्या हातात दिला. चुकलं म्हणायचं होतं, पण जीभ उचलेना. तेवढ्यात पौर्णिमाचा फोन आला. तिचा खणखणीत आवाज ज्ञानोबांनाही ऐकू येत होता.

"आई, बाबा रोज म्हणायचे झोपलीस. भर संध्याकाळी कसली गं झोप?"

बनाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

"व्हय गं बाय. लई झोप यायची."

पंचशील मानणारी बाई त्यांच्यापायी खोटं बोलली. ज्ञानोबांना मान वर करता येईना.