टॉवेलाची नाडी

तिला सगळे कडकबाई म्हणतात. इस्त्रीमुळे की स्वभावामुळे, हे विचारायची कोणाची टाप नाही. दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत ती इस्त्रीला आहे.

नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा तिने आधी डाव्या मनगटाभोवती काळ्याभोर पानांची रुंद वेल गोंदवून घेतली. म्हणते, "तिथे हातात काय घालायचं हे सासू ठरवायची. आता म्हणावं, काढून दाखव!"

मग लॉन्ड्रीत पट्टे आले. उजवा हात वाफेत, म्हणून पट्टा डाव्या मनगटाला. त्याच्या पोटाशी हिरवा दिवा. उजेड कातडीत शिरतो, रक्तावरून परत येतो, आणि त्याच्या कमीजास्त होण्यावरून पट्टा नाडी मोजतो. आजाऱ्याच्या उशाशी असता तर मी त्याला हात जोडले असते. इथे त्याला मुकादम करून ठेवलं होतं! नाडी दिसली नाही की भिंतीवरच्या पडद्यावर 'जागेवर नाही', आणि तेवढ्या वेळेची मजुरी गुल.

कडकबाईच्या वेलीची काळी शाई सगळा उजेड गिळायची. बाई घामाने निथळत उभी, आणि पडद्यावर गैरहजर.

मजुरी कापल्याचं भांडण घेऊन मी कामगार संघटनेतर्फे लॉन्ड्रीत गेले, त्याच दिवशी मॅनेजर तिच्या टेबलाशी आला.

"पट्टा सैल बांधता तुम्ही."

"वळ उठलेत साहेब, अजून किती आवळू?"

"मग ते गोंदण काढा. लेझरने निघतं, खर्च आम्ही देऊ. नाहीतर दुसरीकडे काम बघा." एवढं बोलून तो केबिनमध्ये गेला.

शेजारी टॉवेल गुंडाळणारी तिची भाची रडवेली झाली. "मावशी, टाक ना काढून. घर कसं चालायचं?"

"या हातावरच चालतं ना घर? मग त्याचीच सालं काढू?"

संतापाने तिने पट्टा सोडला, समोरच्या गुंडाळलेल्या टॉवेलाला करकचून बांधला आणि टॉवेल इस्त्रीच्या चालू यंत्रावर आदळला. दिवा लुकलुकला. पडद्यावर तिच्या नावापुढे चक्क नाडीचा आकडा आला.

भाचीला हसू फुटलं. "अगं मावशी, आलीस की जागेवर!"

पांढऱ्या कापडावरून उजेड परत येत होता आणि यंत्राची थरथर पट्ट्याला नाडी वाटत होती. कडकबाईने पडद्याकडे पाहिलं, टॉवेल उचलला आणि सरळ केबिन गाठली. मी मागोमाग.

"साहेब, तुमच्या हिशेबी हा जिवंत आणि मी मेलेली. आजपासून चादरी यालाच सांगा."

"चेष्टा पुरे."

"सुरू कोणी केली? काढा मला. फक्त कागदावर कारण लिहा, या बाईत जीव सापडला नाही. खाली तुमची सही."

मॅनेजरने पेन उचललं. माझ्याकडे पाहिलं. पेन ठेवलं. आम्ही दोघी बाहेर आलो.

ती पुन्हा इस्त्रीला लागली, मनगट उघडं टाकून. थोड्या वेळाने मॅनेजर आला आणि हळूच म्हणाला, "बरं, तुम्ही नका घालू. कापलेलं देतो. पण बाकीच्यांना हे टॉवेलाचं सांगू नका."

कडकबाईने इस्त्रीचं यंत्र बंद केलं. आवाज शेवटच्या टेबलापर्यंत पोचायला हवा होता.

"बायांनो," ती म्हणाली, "जरा इकडे बघा गं!"