डाव्या हाताचं अक्षर
तेलात हळद कढल्याचा वास आला, की मला मानवतचे ते दिवस आठवतात. निजामाविरुद्ध पत्रकं लिहितो म्हणून रझाकारांनी मला भर बाजारात गाठलं आणि तलवारीनं उजव्या हाताची बोटं तोडली. मावशी जखमेवर हळद बांधायची. ताप उतरल्यावर मी म्हणालो, "मावशी, माझं लिहिणं संपलं." तिनं पाटी पुढ्यात ठेवली. "डावा हात हाय की. लिव्ह." अक्षरं लय वाकडी यायची, मी पुसून पुन्हा गिरवायचो. पुढं गावात नवं पत्रक लागलं. अक्षर कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. रझाकार घरी आले, माझा थोटा हात बघून परत गेले. ते गल्लीबाहेर पडायच्या आत मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं. तो डावा हात अजून थांबलेला नाही.