लाल खुर्चीत बसलेल्या कंपन्या

शेअर विकता येतो, किस्सा विकता येत नाही. त्यामुळे आमच्या गटाकडे शेअर मोजकेच राहिले आणि किस्से मात्र साठत गेले. ते सांगायला मी योग्य माणूस आहे का, याची मला खात्री नाही. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट केली आणि त्यातून एवढंच हाती लागलं की कुठलीही गोष्ट ठामपणे बोलायची भीती वाटते. पण बाकीचे काही लिहिणार नाहीत, तेव्हा मीच लिहितो.

आम्ही चौघं होतो. अण्णा, म्हणजे शेती झरीला आणि घर परभणीत. वाघमारे बाई निवृत्त मुख्याध्यापिका, पिंगळीहून सकाळच्या गाडीने यायच्या. कांबळे साहेब पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. आणि मी, ज्याला सगळे 'सर' म्हणायचे. रोज सकाळी अण्णांच्या अंगणात बसायचं आणि लाँग टर्मसाठी शेअर शोधायचे. आमच्या वयात लाँग टर्म म्हणजे काय, हे कोणी विचारायचं नाही.

पद्धत साहेबांची. ज्याने कंपनी सुचवली त्याने लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि स्वतःच कंपनी व्हायचं. बाकीच्यांनी मुलाखत घ्यायची. शेवटी प्रत्येकाने 'घ्या' किंवा 'नको' म्हणायचं. एक जरी 'नको' आलं तरी कंपनी बाद.

*

पहिल्यांदा अण्णा ठिबकच्या नळ्या करणारी कंपनी होऊन बसले. कर्ज, नफा, धंदा, सगळी उत्तरं झकास दिली. मग बाईंनी विचारलं, "तुमची नळी उन्हात टिकते का?"

"कशाची टिकती? अवो, दुसऱ्याच उन्हाळ्यात चिरा पडल्या माझ्या रानात. दुकानदार तर फोनच उचलंना."

"अण्णा, कंपनी तुम्हीच आहात," साहेब म्हणाले.

"आसंल. लय लबाड हाय मी."

पहिलं 'नको' अण्णांचंच आलं.

*

बाई साबणाच्या कंपनीचा अभ्यास करायला थेट जिंतूरच्या बाजारात गेल्या. कोणता साबण जास्त खपतो, कोणता पडून राहतो, असं दुकानादुकानात विचारत सुटल्या. मुख्याध्यापिकेचा आवाज! एका दुकानदाराला वाटलं, तपासणी आली. त्याने स्टूल पुसून दिलं, थंड मागवलं आणि निघताना पिशवीत साबणाच्या वड्या घालून दिल्या. बाईंनी त्या तिथेच परत केल्या आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून आम्हाला हे सगळं सांगितलं.

अण्णांचा चेहरा पडला. "परत दिल्या? मंग कंपनी तपासली कशी तुमी?"

*

मी एकदाच खुर्चीत बसलो. औषधांची कंपनी.

"पुढच्या वर्षी नफा वाढेल?"

"सांगता येत नाही."

"परदेशात माल जाईल?"

"शक्यता आहे, पण माझी चूक होऊ शकते."

"मालक भला माणूस आहे?"

"त्याविषयी पुरेशी माहिती नाही."

"सर," बाई म्हणाल्या, "ही कंपनी आहे का पावसाचा अंदाज?"

दोघांनी 'नको' म्हटलं. साहेब एकटे 'घ्या' म्हणाले. का, तर म्हणे, "एवढं खरं बोलणारी कंपनी बाजारात दुसरी न्हाई."

इतरांच्या कंपन्यांच्या वेळी माझं ठरलेलं असायचं. आधी दोन-तीन शंका, मग 'जरा अजून अभ्यास करू', जे 'नको'त धरलं जात नसे. एवढ्या वर्षांत माझ्या तोंडून सरळ 'घ्या' कधी निघालं नाही.

*

साहेबांच्या पत्नी गेल्यापासून त्यांची मुलगी सुजाता पुण्याहून दर रविवारी फोन करायची. "बाबा, इकडे राहायला या." साहेब म्हणायचे, "येतो, एवढे कंपन्यांचे तिमाही निकाल लागू देत." निकाल दर तिमाहीला लागतात. त्यामुळे साहेबांचं जाणं पुढे पुढे जायचं. फोन आला की मी हातातला पेपर खाली ठेवायचो आणि निकालांचं नाव निघालं की पुन्हा वाचायला घ्यायचो.

*

एके दिवशी बाई ईटीएफ होऊन बसल्या. पेपरात वाचून आल्या होत्या.

"मी म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा एकच गठ्ठा. खर्च अगदी कमी. निवडायचं नाही, विकायचं नाही, रोज बघायचं नाही. दर महिन्याला थोडं थोडं घेत राहायचं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. संख्याशास्त्र बाईंच्या बाजूचं होतं, हे मी कबूल केलं.

"थांबा," अण्णा म्हणाले. "रोज बघायचं न्हाई, तर मंग सकाळी उठून आमी जायचं कुठं?"

ईटीएफला चार 'नको' पडले. चौथं बाईंचं.

*

मग साहेब बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. फार लागलं नाही, पण सुजाता न्यायला आली. साहेब घरी नव्हते, आमच्यात येऊन बसले होते, म्हणून ती अण्णांच्या अंगणात आली. प्रवासाने दमलेली होती. लाल खुर्ची रिकामी दिसली, तीत बसली.

अण्णांनी सवयीने मुलाखत सुरू केली. "घर कितव्या मजल्यावर हाय, पोरी?"

"तिसऱ्या, काका. लिफ्ट आहे."

"लाईट गेल्यावर?"

"जनरेटर आहे."

"फिरायला जागा?" वाघमारे बाईंनी विचारलं.

"खाली बाग आहे."

साहेब खाली बघत होते. "आन् तू घरी कधी येतीस?"

"आठ वाजतात, बाबा."

"मग दिवसभर माझ्याशी बोलणार कोण?"

"कोणी नाही," सुजाता म्हणाली. "आठनंतर माझ्याशी बोलायला तरी कोण असतं?"

अण्णा खाकरले. "घ्या."

"घ्या," बाई म्हणाल्या.

राहिलो मी. साहेब माझ्याकडे बघत होते. एक 'नको' पुरेसं होतं, ती पद्धतच होती.

"घ्या," मी म्हणालो.

साहेब उठले, चपला घातल्या. फाटकापर्यंत गेले, तिथून परत आले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, एखादी शंका तरी काढायची होती."