चष्मा घरी राहिला

नाव: शालिकराम वल्द ईश्वरदास धकाते. राहणार: पाचपावली, नागपूर. हुद्दा: चपराशी, सब-रजिस्ट्रार कचेरी. नेमणूक: सन १९३२. उंची: पाच फूट चार इंच. ओळखीची खूण: उजव्या भुवईवर जुना व्रण. दृष्टी: उत्तम, चष्मा नाही. चालचलणूक: समाधानकारक. साक्षर: होय. सही: करतो.

सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर शालिकराम एवढाच आहे, आणि त्यातलं बहुतेक खरं आहे. शेवटच्या दोन नोंदींत मात्र वामनरावांचा हात होता. वामनराव म्हणजे त्या वेळचे कचेरीतले बडे बाबू. कोष्ट्याचा हा पोरगा बापाचा माग सोडून नोकरी मागायला आला, तेव्हा त्याला एक अक्षर येत नव्हतं आणि जागेला सही येणारा माणूस हवा होता. वामनरावांनी त्याला मागच्या व्हरांड्यात नेलं, पाटीवर ठळक अक्षरांत 'शालिकराम' लिहिलं आणि म्हणाले, "हे नाव नाही गा. लुगड्याचा काठ आहे असं समज. काढ पाहू."

काठ म्हटल्यावर प्रश्नच मिटला. कोष्ट्याच्या पोरानं नक्षी एकदा पाहिली की ती हातात बसते. तिसऱ्या दिवशी शालिकरामनं साहेबापुढं असं नाव काढलं की साहेब म्हणाला, "वळणदार आहे." त्यातला 'शा' कुठला आणि 'म' कुठला हे शालिकरामला तेव्हाही माहीत नव्हतं, पुढंही झालं नाही. पहिल्या रेघेपासून सुरू केलं की हात आपोआप शेवटापर्यंत जाई; मधेच कोणी हाक मारली तर मात्र पुढचं सुचत नसे. म्हणून सकाळी हजेरीबुकात सही करताना तो कोणाशी बोलत नसे. कचेरीत याला शिस्त समजत. वामनरावांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. अठ्ठेचाळीस साली ते वारले, तेव्हा ती त्यांच्याबरोबर गेली. ती जाणणारे उरले दोघंच: शालिकराम आणि त्याची बायको जनाबाई.

अशा माणसाला कचेरीनं बावीस वर्षं जे काम दिलं ते म्हणजे ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे घेण्याचं. काटोलकडचे संत्रेवाले, उमरेडचे विणकर, कामठीच्या विड्या वळणाऱ्या बाया, सगळे खरेदीखतं घेऊन त्याच्या टेबलापाशी येत. अंगठा हातात आला की माणूस कोणत्या कामाचा हे तो न विचारता ओळखी. विणकराच्या अंगठ्यावर धाग्यानं कापलेली बारीक खाच असे. विडीवालीचा अंगठा गुळगुळीत, रेषा निम्म्या झिजलेल्या, कागदावर धड उमटतच नसे.

पण त्याचं खरं कसब वेगळं होतं. सही येत नाही असं तोंडानं कोणी म्हणत नाही. एकाच्या हाताला कालच लागलेलं असे, दुसऱ्याला टाक चालत नसे. सगळ्यांत जास्त माणसांचा चष्मा घरी राहिलेला असे. 'चष्मा घरी राहिला' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी जन्मात चष्मा पाहिलाही नसेल. दुसरे चपराशी अशा वेळी मोठ्यानं विचारत, "म्हणजे सही येत नाही ना?" शालिकराम कधी विचारत नसे. ते शब्द कानावर पडले की तो मुकाट्यानं शाईची डबी उघडी, समोरच्याचा डावा अंगठा लहान मुलाचं बोट धरावं तसा धरी, डबीत टेकवी, कागदावर एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरवी आणि म्हणे, "झालं. आता नाव सांगा, बाबू लिहून घेतील." माणसाला लाजायला वेळच मिळत नसे. एवढा एक गुण आपल्यात आहे असं शालिकरामला वाटे, आणि तो होता.

चोपन्न सालच्या पुरानंतर नागपुरात मदतनिधीसाठी कलावंतांचा मेळा भरवायचं ठरलं. कस्तुरचंद पार्कवर मांडव पडले. मुंबईहून सिनेमातली माणसं येणार, प्रत्येकाला वेगळा मांडव, टेबल, खुर्ची. लोकांनी तिकीट काढून रांगेत यावं, नमस्कार करावा, वहीत सही घ्यावी आणि धन्य व्हावं. समितीचे चिटणीस सब-रजिस्ट्रार साहेबच होते. सह्यांचं काम म्हणजे आपल्याच खात्याचं काम, असा विचार करून त्यांनी दौती, टाक, टीपकागद आणि शालिकराम हे साहित्य कचेरीतून पाठवलं. साहित्य लाकडी पेटीत होतं. पेटीत अंगठ्याची डबी आणि अंगठे पुसायचं रॉकेलचं फडकंही होतं. मेळ्यात त्यांचं काही काम नव्हतं, पण पेटीच्या झाकणावर आत काय काय आहे ती यादी चिकटवलेली होती आणि यादीतली वस्तू कमी करून पेटी कचेरीबाहेर नेण्याची पद्धत नव्हती.

शालिकरामच्या वाट्याला पुष्पलतादेवींचा मांडव आला, तेव्हा त्याला रात्री जेवण गेलं नाही. पुष्पलतादेवी पडद्यावर आई होत. त्यांचा एक प्रसंग साऱ्या हिंदुस्थानात गाजलेला: लढाईवर गेलेल्या मुलाच्या मरणाची चिठ्ठी येते, आई ती उंबरठ्यात उभी राहून वाचते, आणि शेवटच्या ओळीला चिठ्ठी हळूच खाली येते. इतवारीतल्या टॉकीजमध्ये शालिकरामनं तो पाच वेळा पाहिला होता. जनाबाईनं दोन वेळा, दोन्ही वेळा पदर ओला करून.

"त्या बाईचं दस्तखत आणजा," जनाबाई म्हणाली. "ज्या हातानं चिठ्ठी धरली, त्याच हाताचं."

"आणून काय करशीन वं? वाचता येते का तुले?"

"तुमाले येते का?"

शालिकरामनं एक कोरा कागद चौघडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

देवी पडद्यावर दिसत त्यापेक्षा ठेंगण्या होत्या आणि आवाज थोडा घोगरा होता. पांढरं पातळ, कपाळावर मोठं कुंकू. त्यांच्याबरोबर मधुसूदन नावाचा भाचा होता. त्याच्याजवळ देवींच्या फोटोंचा गठ्ठा होता आणि प्रत्येक फोटोवर निळ्या शाईत तिरपी सही आधीच केलेली होती. देवी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत, भाचा फोटो देई, माणूस पुढं सरके. शालिकराम टेबलाच्या डाव्या बाजूला टीपकागद घेऊन उभा होता आणि टिपण्यासारखं काहीच होत नव्हतं. खिशातला कागद काढावा असं त्याच्या दहादा मनात आलं, पण भाच्याकडं पाहिलं की हात मागं येई.

दुपारी तीनला गठ्ठा संपला. दुसरा देवी उतरल्या होत्या त्या बंगल्यावर ट्रंकेत होता. "मावशी, मी टांग्यानं जाऊन येतो," भाचा म्हणाला. "तोवर नुसता आशीर्वाद द्या. कोणी वही पुढं केली तर थांबायला सांगा."

तो गेला आणि प्रेमिला आली. प्रेमिला म्हणजे साहेबांची मुलगी, कॉलेजात जाणारी, छातीला स्वयंसेविकेचं फीत-फूल लावलेली. तिच्या हातात मखमली पुठ्ठ्याची वही होती. "फोटो संपले ते बरंच झालं," ती म्हणाली. "मला छापील काही नकोच होतं. माझ्या वहीत स्वतःच्या हातानं करा ना!" शेजारी कर्ण्यापाशी बसलेल्या माणसानं ते ऐकलं आणि उत्साहानं पुकारलं, "पुष्पलतादेवी आता समक्ष, स्वतःच्या हातानं स्वाक्षऱ्या देणार!" दुसऱ्या मांडवांतली माणसंही धावली. रांगेचा घोळका झाला.

देवींनी टाक घेतला. कुंकवाची काडी धरतात तसा धरला. शालिकरामनं ते पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांनी पाहिलं. डोकं अजून उंबरठ्यातल्या चिठ्ठीपाशी होतं. देवी वहीवर वाकल्या, क्षणभर थांबल्या आणि मग हसून म्हणाल्या, "अगंबाई! चष्मा घरी राहिला की."

पुढचं शालिकरामनं केलं असं म्हणणं बरोबर नाही. ते त्याच्या हातांनी केलं. पेटीचं झाकण उघडलं, डबी बाहेर आली, देवींचा डावा हात त्याच्या हातात आला. अंगठा डबीत टेकला आणि प्रेमिलाच्या वहीच्या गुलाबी पानावर एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरला. हात इतके सरावाचे होते की देवींना आपला हात ओढून घ्यायलाही सुचलं नाही. आणि मग, बावीस वर्षांच्या सवयीनं, चांगल्या मोठ्या आवाजात तो म्हणाला, "झालं बाई. आता नाव सांगा, बाबू लिहून घेतील."

कर्ण्यापाशी बसलेल्या माणसानं मान लांब करून वहीत पाहिलं.

पानावर ठसा धड उमटला नव्हता. मधोमध गुळगुळीत पांढरा डाग राहिला होता. तो पाहताच शालिकरामला कळलं की हा अंगठा एके काळी विड्या वळत होता. आणि त्याच वेळी आपण काय केलं तेही कळलं.

"अय्या! हे काय केलं याने?" प्रेमिला म्हणाली.

मागून एक आवाज आला, "अबे, देवी तर अंगठाबहाद्दर निघाली!" आणि मग हशा.

देवी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी अंगठा वर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पाहा बरं, या भल्या माणसाने माझा हात शाईने भरवून टाकला. आता मी वह्या कशा धरू, सह्या कशा करू? राहिलं आजचं."

ती वाट दोघांसाठीही होती. शालिकरामनं नुसतं 'चूक झाली बाई, डबी सांडली' म्हणायचं होतं. लोकांनी त्याला चार शिव्या दिल्या असत्या आणि गोष्ट मिटली असती. पण चपराशाच्या हातून कोणाचा हात भरला तर तो पुसून देणं हे चपराशाचं काम. "पुसून देतो बाई," तो म्हणाला. "दोन मिनिटांत निघते." आणि त्यानं रॉकेलचं फडकं काढलं.

तो खाली मान घालून अंगठा पुसत होता. बावीस वर्षांत कोणाचा अंगठा इतका स्वच्छ निघाला नव्हता. देवी त्याच्याकडं पाहत होत्या. अगदी हळू, त्याला एकट्यालाच ऐकू येईल असं त्यांनी विचारलं, "किती वर्षं करता हे काम?"

"बावीस, बाई."

"हात हलका आहे तुमचा," देवी म्हणाल्या.

हात कोरडा झाल्यावर प्रेमिलानं निर्मळ मनानं टाक पुन्हा पुढं केला. "आता करा. इथं, त्याच्या खाली."

देवी उठल्या. चक्कर येते आहे असं म्हणाल्या आणि पडद्याआड गेल्या. अर्ध्या तासानं मधुसूदन सह्या केलेल्या फोटोंचा नवा गठ्ठा घेऊन आला, तेव्हा घोळक्यातली माणसं एकमेकांना अंगठे दाखवत होती. भाच्यानं शालिकरामकडं पाहिलं. तो एखादी थोबाडीत देईल अशी शालिकरामला आशा होती. त्यानं दिली नाही. गठ्ठा टेबलावर ठेवला आणि पडद्याआड गेला.

"आणलं का?" जनाबाईनं दारातच विचारलं.

"लई गर्दी होती."

"तुमी तर टेबलापाशीच होते ना गा?"

"होतो," शालिकराम म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. रॉकेलचा वास दोन दिवस गेला नाही.

गोष्ट मात्र त्याच्या आधी शहरभर गेली. प्रेमिलाची वही कॉलेजात हातोहात फिरली. दिवाळीला तो सिनेमा टॉकीजमध्ये परत लागला आणि जनाबाईनं शालिकरामला ओढून नेलं. उंबरठा आला, देवी आल्या, चिठ्ठी उघडली. पुढच्या बाकांवरून कोणी ओरडलं, "उलटी धरली बे चिठ्ठी!" सगळं थिएटर खदखदून हसलं. शेवटच्या ओळीला चिठ्ठी खाली आली तरी हसत होतं.

"काहून हासून राहिले हे लोक?" जनाबाई रडता रडता म्हणाली. "पोरगं मेलं ना तिचं?"

"मले काय माईत," शालिकराम म्हणाला. अंधारात त्यानं दोन्ही अंगठे मुठीत दाबून धरले होते. त्याला सारखे वामनराव आठवत होते. वामनरावांनाही एक टाक धरता न येणारा माणूस समोर दिसला होता. त्यांनी त्याला मागच्या व्हरांड्यात नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हजेरीबुकापाशी उभा राहिला. पहिली रेघ काढली, दुसरी काढली आणि हात थांबला. कोणी हाक मारली नव्हती. पण पुढचा काठ सुचेना. मागं दोन बाबू खोळंबले होते. शालिकरामनं टाक खाली ठेवला, डबी उघडली आणि अर्धवट राहिलेल्या नक्षीशेजारी डावा अंगठा टेकवला. तिसऱ्या दिवशी टाक उचललाच नाही.

आठवड्यानं साहेबांनी बोलावलं. "शालिक, हे काय? तुला तर सही येते."

शालिकरामनं खाली पाहिलं. "चष्मा घरी राहिला, साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी सेवापुस्तक मागवलं आणि रीतसर नोंद केली: 'दृष्टी अधू झाल्याने सदर इसम सही करण्यास असमर्थ. यापुढे अंगठा ग्राह्य धरावा.' नोंदीवर तारीख आहे, शिक्का आहे, साहेबांची सही आहे.

कचेरीच्या व्हरांड्यातून शालिकरामला सीताबर्डीच्या किल्ल्यावरचा झेंडा स्पष्ट दिसत असे.