मार्थाच्या डोक्यावरचा हात

पाळकसाहेब गेल्याचा निरोप नवापूरहून आला तेव्हा मी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होतो. खरं सांगतो, आधी रडू नाही आलं, भीतीच वाटली. आता आमच्या डोंगरातल्या ख्रिस्ती मंडळीचं कसं होणार... आणि त्यांच्या जागी लोक माझ्याकडे बघायला लागले तर? तीन आठवडे झाले, ती भीती अजून उतरलेली नाही.

साहेब ब्राह्मणपुरीकडचे, सपाटीवरचे. चार वर्षं बायबलचं शास्त्र शिकून आमच्यात आले. रागावले किंवा मनातलं बोलले की अहिराणीच बोलायचे. मी भगताचा मुलगा. बाप्तिस्मा घेतला, गळा बरा, गीतं तोंडपाठ. साहेब दुसऱ्या गावी गेले की लोक मलाच पुढे करायचे. मलाही चढलं होतं, का नाही चढणार!

अशातच शेजारची चार वर्षांची मार्था तापाने फणफणली. तिच्या आईने दवाखान्यातून औषधाच्या पुड्या आणलेल्या. पण आमच्याकडे भगताने दाणे मंतरून बांधले की पाच दिवस दुसरं औषध घ्यायचं नाही, नाहीतर मंत्र तुटतो. बापाचा तो नियम माझ्या अंगात मुरलेला. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि वर आईला बजावलं, "पाच दिवस पुडी द्यायची नाही. देव रागावेल." बाईने पुड्या माझ्या हातात दिल्या.

तिसऱ्या दिवशी साहेब परतले, तेव्हा पोर आकडी येऊन ताठ झालेली. "अरे बावळट, पोर मरी जाई ना! देव काय औषधवर रुसस?" तिला मांडीवर घेऊन ते बैलगाडीने दवाखान्यात गेले. पोर वाचली, पण कान गेले. ओरडून बोललं तरच ऐकू येतं. साहेबांनी चारचौघांत माझं नाव काढलं नाही. तिची आई मरेपर्यंत म्हणायची, माझीच श्रद्धा कमी पडली... आणि मी ऐकून घ्यायचो.

साहेबांनी मला शास्त्रशाळेत धाडलं. "आधी शिक, मंग उभा ऱ्हाय." घरच्या आठवणीने मी दोन महिन्यांत पळून आलो. ते स्वतः मात्र म्हातारपणीसुद्धा दर शनिवारी खोलीत पुस्तकं घेऊन बसायचे. इतक्या वर्षांनी कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "माले भेव वाटस रे. समोर माणसं ऱ्हातस."

गेल्या रविवारी मंडळीतले वडीलधारे आले. मी म्हटलं, पत्र लिहा, शिकलेला पाळक मागवा. ते म्हणाले, "तो येईल तेव्हा येईल, तोवर तूच उभा राहा." मी साहेबांच्या खोलीत जाऊन बसलो. टेबलावरचं पुस्तक उघडलं, अर्धं कळेना. बाहेर लोक जमू लागले होते.

इतक्यात मार्था आत आली. आता तिचं लग्न झालंय, कडेवर तापलेलं बाळ. मी ओरडून सांगितलं, "गाडी जुंपायला सांग, आधी दवाखाना!" ती हसली. "जाते की, मामा. पण आधी हात ठेव. तू ठेवलास म्हणून तर मी जगले."

माझा हात उचलला गेला होता, देवाशपथ. मग मी तो खाली घेतला. "तुझे कान माझ्यामुळे गेले, मार्था."

तिला ऐकू आलं नाही. "काय?" म्हणत ती जवळ सरकली. दार उघडं होतं, बाहेर सगळी मंडळी बसलेली. मग मी तेच पुन्हा, जीव खाऊन ओरडून सांगितलं.