निळ्या कोटाचं रफू

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत ती सव्वीस वर्षं रफू करते आहे. पुढे काउंटरवर थोरला भाऊ, इस्त्रीपाशी वहिनी. मागच्या खोलीत ट्यूबलाइट नाही. ट्यूबची गुणगुण तिला सहन होत नाही. खिडकीतला उजेड गेला की काम बंद. गळ्यातली लेबलं टोचतात म्हणून स्वतःच्या कपड्यांची ती सगळी उसवून टाकते. अंगात बारा वर्षं एकच करडं जाकीट. लहानपणी डॉक्टरांनी कागदावर ‘स्वमग्न’ असं लिहून दिलं होतं. गल्लीने मात्र तिच्या डोळ्याला लावलेल्या भिंगावरून तिला ‘भिंग’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव टिकलं.

तिचं रफू शोधूनही सापडत नाही. वडिलांनी शिकवलेला नियम तिने कधी मोडला नव्हता: धागा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढायचा. परका धागा कापड धरत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी तिच्या खुंटीवर निळा लोकरी कोट दिसला. डाव्या बरगडीपाशी नाण्याएवढं भोक. जळलेलं नाही, कसरीने खाल्लेलंही नाही. तिने ते बुजवलं. बुधवारी कोट नव्हता. पुढच्या मंगळवारी पुन्हा तोच कोट, तिथेच भोक.

सहाव्या खेपेला तिने वहिनीला विचारलं, “हा कोट कोण आणतं?”

“तुझ्या दादाने घेतला असेल.”

“मी?” भाऊ काउंटरवरून म्हणाला. “मला वाटलं, तूच घेतलास. पावती कुठाय?”

पावती एकाही खेपेची नव्हती.

“गिऱ्हाईक चोरपावलांनी येतंय म्हणायचं,” वहिनी हसली. “स्थळबिळ आहे की काय तुझं?”

“हो,” ती म्हणाली.

तिला चेष्टा करता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. वहिनीच्या हातातली इस्त्री थबकली आणि शर्टाला चटका बसला.

मग तिने सांगितलं. तो डावखुरा आहे, डाव्या बाहीची कड जास्त झिजली आहे. बोलणं नकोसं झालं की तो तिसरं बटण चोळत बसतो. तिच्या जाकिटाचंही तेच बटण गुळगुळीत झालंय. गळ्यातलं लेबल त्याने टाका-टाका करून उसवलंय, कापडाला न दुखवता. आणि आज अस्तर तपासायला तिने बाहीत हात घातला, तेव्हा आतून कोणीतरी तिची बोटं धरली.

“आणि तू ओरडली नाहीस?” वहिनीने विचारलं. आईने जवळ घेतलं तरी आकसणारी ही बाई.

“त्याने जेवढं दाबायला हवं तेवढंच दाबलं. मग सोडलं.”

“जाळूनच टाकतो,” म्हणत भावाने कोट उचलला आणि लगेच परत खुंटीला लावला. कोट उबदार होता, असं तो नंतर म्हणाला. कोणी आत्ताच अंगातून काढल्यासारखा.

तिची भीती वेगळीच होती. एका रफूला चाळीस धागे लागत. अकराव्या खेपेनंतर कोटाच्या शिवणीत नऊच उरले. भोक उघडं राहिलं तर तो परत येईल की नाही, तिला माहीत नव्हतं.

बाराव्या मंगळवारी ते नऊ संपल्यावर तिने स्वतःच्या जाकिटाची शिवण उसवली आणि एकतीस करडे धागे काढले. निळ्यावर करडं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिचं रफू दिसत होतं.

“हे काय करून ठेवलंस?” भाऊ म्हणाला. “लांबूनही दिसेल.”

“दिसू दे.”

तेराव्या मंगळवारी खुंटी रिकामी होती. तिने दिवसभर सुई हातात घेतली नाही, खुंटीकडे बघत बसली. उजेड जायच्या सुमारास वहिनी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

“अगं, तुझ्या जाकिटाला काय झालं?”

डाव्या बरगडीपाशी नाण्याएवढा निळा ठिपका होता. रफू.

“कोणी केलं हे? जाकीट तर सकाळपासून तुझ्या अंगात आहे.”

तिने भिंग लावून पाहिलं. निळी लोकर. टाके डावीकडून उजवीकडे गेलेले, डावखुऱ्याचे. कोटाच्या शिवणीत एकही धागा उरला नव्हता, हे तिने स्वतः मोजलं होतं.

“दोन टाके चुकलेत,” ती म्हणाली.

“मग उसव आणि नीट कर.” गिऱ्हाइकाच्या कपड्यात एक टाका चुकला तरी हिला झोप लागत नाही, हे वहिनीला ठाऊक होतं.

“नाही,” ती म्हणाली, आणि तिसरं बटण चोळत राहिली.